बंदीच्या यादीत नसलेला कचरा

हरिश्चंद्रगडावर साफसफाईला जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त दमवतो तो वेफर्सच्या पुड्याचा फाडलेला कोपरा. बोटाच्या पेराएवढा, चंदेरी, चिखलात निम्मा रुतलेला. अख्खा पुडा वाकून उचलता येतो, हा तुकडा मात्र नखानं उकरून काढावा लागतो. कोकणकड्याच्या वाटेवर आमचा बराचसा वेळ त्यातच जातो.

हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्रानंही पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तू बंद केल्या. मेख अशी, की जंगलात खरोखर पडलेल्या असतात त्या पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टनं, आणि केंद्राच्या यादीत त्या नाहीतच! केनियानं ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत बाटल्यांनाही मज्जाव केला. आपल्या अभयारण्यांसाठी निदान एवढं तरी व्हायलाच हवं.

२०२४ च्या सुरुवातीला ताडोबातला वाघ पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. गुरांचं दुखणं मात्र असं दिसत नाही. खारट वासानं ती पुडाच चघळतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात प्लास्टिक साठतच जातं.

म्हणून गडावर निघणाऱ्यांनी आवराआवर घरीच करावी. खाऊ आदल्या रात्री डब्यात काढून वेष्टनं घरीच ठेवावीत. ग्लुकोजची पुडी बाटलीत विरघळवूनच निघावं. स्टीलच्या दोन बाटल्या पाठीवर जड होतात, पण उन्हात त्याच तारतात. पायथ्याच्या पाचनई गावात जेवण सांगितलं तर पिठलं-भाकरी ताटात मिळते. पार्सल मागू नये.

वाटेत पुडा फोडावाच लागला तर कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा.

गोळा केलेला कचरा वर ठेवून येणं सगळ्यात वाईट. एका गटानं भरलेल्या गोण्या गडावरच्या मंदिराजवळ रचल्या होत्या. वानरांनी त्या फाडल्या आणि उरलंसुरलं वाऱ्यानं दरीत नेलं. तो कचरा जाळूही नये आणि पायथ्याच्या पाड्यावरही सोडू नये. जाड गोणीचं तोंड सुतळीनं बांधून ती गाडीत घालावी आणि शहरात सुक्या कचऱ्यात द्यावी. गाडीवाल्याला हे निघतानाच सांगून ठेवावं, म्हणजे परतताना वाद होत नाही.