बैकल सरोवरातील कवचधारी

सायबेरियाच्या दक्षिण भागात डोंगररांगांच्या कुशीत बैकल नावाचे विशाल सरोवर पसरलेले आहे. त्याची लांबी सुमारे ६३६ किलोमीटर असून कमाल खोली १,६४२ मीटर आहे. याहून खोल सरोवर जगात नाही. परंतु त्याहूनही मोठे नवल त्याच्या वयाचे आहे.

सामान्यतः सरोवराचे आयुष्य अल्प असते. नद्या गाळ आणतात, तो तळाशी साचतो आणि काही हजार वर्षांत सरोवर भरून जाते. बैकल मात्र सुमारे २.५ कोटी वर्षे टिकून आहे. याचे कारण असे, की येथे भूकवच दुभंगत असून सरोवराचा तळ हळूहळू खचत असतो. त्यामुळे कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचूनही ते भरलेले नाही.

एवढ्या दीर्घ काळात जीवसृष्टीत काय घडते, हे पाहावयाचे असेल तर तेथील अँफिपॉड नावाच्या जीवांकडे पाहावे. हे खेकडा व झिंगा यांचे दूरचे नातलग होत. फार प्राचीन काळी त्यांचे काही मोजके पूर्वज या पाण्यात आले. त्यांची संतती किनाऱ्यावरील दगडांत, वाळूत, चिखलात आणि अंधाऱ्या तळापर्यंत पसरली. प्रत्येक ठिकाणी निवारा निराळा, अन्न निराळे आणि शत्रूही निराळे. ज्यांची शरीररचना त्या त्या परिस्थितीस अनुरूप होती, ते अधिक संख्येने जगले व त्यांचाच वंश वाढला. दूरच्या भाऊबंदांशी संबंध तुटत गेला आणि थोड्या कुळांतून अनेक जाती निर्माण झाल्या. आज बैकलमधील अँफिपॉडांच्या ३४० हून अधिक जाती-उपजाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी बहुतेक सर्व जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

त्यांचे वैचित्र्य तरी किती! काहींच्या अंगावर अणकुचीदार काट्यांचे चिलखत असते. काही गाळात बिळे करतात, तर काही स्पंजांच्या आश्रयाने राहतात. एका प्रकारचे चिमुकले जीव तर मोठ्या अँफिपॉडांच्या मादीच्या, अंडी सांभाळण्याच्या पिशवीतच बिऱ्हाड करतात! मॅक्रोहेक्टोपस हा काचेसारखा पारदर्शक जीव तळ सोडून खुल्या पाण्यात पोहतो. तो दिवसा खोल जातो आणि रात्री वर येतो. ओमुल मासे व नेर्पा नावाचे सील त्याच्यावर उपजीविका करतात. थंड पाण्याबरोबर प्राणवायू तळापर्यंत पोचत असल्यामुळेच इतक्या खोलवरही जीवन शक्य झाले आहे.

या जीवांचा पहिला मोठा अभ्यास एका निर्वासिताने केला. पोलंडचे बेनेडिक्ट डिबोव्स्की यांना १८६३ च्या उठावानंतर रशियाच्या राजसत्तेने सायबेरियात हद्दपार केले. परंतु शिक्षेचा काळ त्यांनी ज्ञानसाधनेत घालविला. कडाक्याच्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराच्या बर्फाला भोके पाडून ते खोल पाण्यातील जीव गोळा करीत. १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी शंभराहून अधिक प्रकारांचे वर्णन केले.

१९९६ साली बैकलची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. त्याच्या काठी १९६६ साली सुरू झालेला कागदलगद्याचा कारखाना २०१३ मध्ये बंद पडला. तरीही संकट टळलेले नाही. सरोवराचे पाणी तापत आहे, आणि वस्त्यांच्या सांडपाण्यामुळे किनाऱ्यालगत शेवाळ माजत आहे. थंड व निर्मळ पाण्यालाच सरावलेल्या या जीवांना जाण्यासारखे दुसरे घर नाही. जे घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली, ते एकदा नष्ट झाल्यास पुन्हा घडविणे माणसाच्या हाती नाही, हे आपण सदैव ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वाध्याय
१. बैकल सरोवर गाळाने का भरले नाही?
२. थोड्या कुळांतून अनेक जाती कशा निर्माण झाल्या, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. डिबोव्स्की यांच्या चरित्रातून कोणता गुण घेण्यासारखा आहे?