आडनावांचा माग

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या अभ्यासकाची पहिली अडचण बहुधा आडनावापाशीच होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, पणजोबांच्या खरेदीखतावर दुसरे आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तिसरेच! ही माणसे निरनिराळ्या कुळांतील असावीत, असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो.

वस्तुतः आडनाव ही मराठी समाजात दीर्घकाळ सैल बाब होती. ते गावावरून पडे, धंद्यावरून पडे, हुद्द्यावरूनही पडे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते. तंजावर परिसरातील अनेक मराठी कुटुंबांत मूळ आडनाव मागे पडून नावापुढे केवळ ‘राव’ उरले. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे आडनाव स्वीकारले जाई. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावेही भिन्न झालेली आढळतात.

याउलट, आडनाव घराण्याचे पण जन्म दुसऱ्या घरातला, असेही घडते. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि भोसले झाले. येथे दत्तविधानाचा कागद असल्याने संशयास जागा राहत नाही. जेथे कागद नसतो आणि संबंधितांचा स्वार्थ मात्र असतो, तेथे प्रश्न बिकट होतो.

साताऱ्याच्या रामराजांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. छत्रपती शाहू महाराजांना पुत्र नव्हता. आपला पुत्र दुसरा शिवाजी याचा मुलगा जिवंत असून, त्याच्या जिवाला धोका असल्यामुळे तो गुप्तपणे वाढविला गेला, असे महाराणी ताराबाईंनी सांगितले. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि 1750 च्या आरंभी हा तरुण रामराजा म्हणून गादीवर आला. नानासाहेब पेशव्यांना दूर करण्याचा ताराबाईंचा आग्रह त्याने मानला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले व हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. तरीही रामराजा 1777 मध्ये मृत्यू येईपर्यंत छत्रपतीच राहिला, कारण पेशव्यांना तो त्या पदावर हवा होता.

नातू आहे, हे सांगणारी व्यक्ती एकच. नातू नाही, हे सांगणारीही तीच. शपथ मोठी म्हणून पुरावा मोठा होत नाही. दोन्ही वेळी ताराबाईंना त्या विधानाची गरज होती. म्हणून अभ्यासकाने 1749 पूर्वीचा, म्हणजे कोणाला काही मिळवायचे नव्हते त्या काळातील कागद शोधावयाचा असतो. तो न मिळाल्यास दोन्ही बाजू नोंदवून थांबणे, हेच प्रामाणिकपणाचे. आपल्याला आवडेल ती बाजू वंशावळीत दडपून लिहिण्याचा मोह अनेक कुलवृत्तांतकारांना आवरलेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

सामान्य घरांत गादी नसते, परंतु जमिनीचा वाटा असतो, लग्न जुळायचे असते, लोकापवादाची भीती असते. विधवेने पाट लावला की तिचे मूल कधी सावत्र बापाच्या नावाने शाळेत दाखल होई. टाकून दिलेल्या अर्भकाला सांभाळणाऱ्याचे नाव मिळे. पोर्तुगीज नोंदवह्यांत तर ‘आईबाप अज्ञात’ अशी स्पष्ट नोंदच केली जाई. अशा ठिकाणी वडिलांची जागा कल्पनेने भरू नये. ती रिकामी ठेवावी आणि कोणत्या कागदात काय लिहिले आहे, तेवढे खाली नमूद करावे. संबंधित व्यक्ती अथवा तिची मुले हयात असतील, तर त्यांना विचारल्याखेरीज काहीही प्रसिद्ध करू नये.

आईचे नाव बहुतेक वंशावळींत गाळलेलेच असते. त्यामुळे पित्याविषयी संशय निर्माण झाला की शोधाचा दुसरा धागाच हाती राहत नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिले जाते.