धानावरचा करपा: युरियाची मूठ आवरा

इस्लापूर, किनवट भागात झड लागली की नाल्याकाठच्या धानाची पाने रात्रभर ओलीच राहतात. करप्याला हेच हवे असते. दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी डाग दिसले की तो करपा समजा. मात्र बुरशी पानात चार-पाच दिवस आधीच शिरलेली असते. हे बांधावर कितीही सांगितले तरी पटत नाही, म्हणून आज मुळापासून सांगतो.

करप्याचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो, रुजतो आणि टोकाला काळा, घुमटासारखा फुगा धरतो. फुग्यातला दाब हवेच्या दाबाच्या 80 पटींपर्यंत जातो आणि त्या जोरावर तो पान भेदतो. एवढे बळ येते कुठून? पानातून नव्हे. बीजाणू स्वतःच्याच पेशी पचवतो, तो रस फुग्याला पुरवतो आणि मरतो. हे स्वभक्षण घडवणारी जनुके आहेत. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात निक टॅल्बट यांच्या गटाने 2006 मध्ये त्यातले एटीजी-8 काढून टाकले, तेव्हा बुरशी जगली, पण धानाला रोग लावू शकली नाही.

या जनुकांवरचे औषध अजून दुकानात आलेले नाही. ट्रायसायक्लाझोल फुग्याचा काळा रंग बनू देत नाही, त्यामुळे पान भेदले जात नाही. आत शिरलेल्या बुरशीला ते मारत नाही. म्हणून पहिले डाग दिसताच, उघडीप साधून, 75 टक्के भुकटी 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम घेऊन फवारा. लोंबी बाहेर पडताना पुन्हा बघा. तेव्हा मान काळी पडली तर दाणा भरतच नाही.

आणि ते पंपातले काले बंद करा! स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूंसाठी आहे, बुरशीला त्याने काही होत नाही. टॉनिकचे पैसेही वायाच जातात.

सर्वांत मोठा घात युरियाचा. सहस्रकुंडाच्या वाटेवरच्या एका बांधीत पाने पिवळी दिसली म्हणून मालकाने भर झडीत युरिया फेकला. पीक काळेभोर हिरवे झाले, घरचे खूश. पुढे निम्म्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. शेजारच्या बांधीत तेच बियाणे, तोच पाऊस होता, पण युरिया नव्हता. तिथे तुरळक डागांवर निभावले. झड असेपर्यंत युरियाचा उरलेला हप्ता थांबवा. रोगट बांधीतले धान बियाण्याला ठेवू नका, वेगळे झोडा.