फेंटानिल : धोका खरा, भीती अनाठायी

फेंटानिल हे प्रयोगशाळेत तयार होणारे अफूवर्गीय वेदनाशामक होय. बेल्जियमचे डॉ. पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास ते प्रथम तयार केले. मॉर्फिनहून कित्येक पट प्रभावी असलेले हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर आपल्याकडेही वापरले जाते. अमेरिकेत मात्र चोरट्या मार्गाने बनणाऱ्या फेंटानिलने अनर्थ घडविला आहे. २०२२ या एका वर्षात तेथे कृत्रिम अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने ७० हजारांहून अधिक माणसे दगावली.

गैरसमजाचा उगम

या भीषण वास्तवातूनच, फेंटानिलच्या नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो, असा समज पसरला. २०१७ मध्ये ओहायो राज्यात गणवेशावरील पूड हाताने झटकल्यानंतर एक पोलीस कोसळल्याची बातमी देशभर गाजली आणि हा समज अधिकच दृढ झाला.

शास्त्र काय सांगते?

त्याच वर्षी अमेरिकेतील विषवैद्यकशास्त्राच्या दोन संस्थांनी या समजाचे निराकरण केले. त्वचेतून शिरावे म्हणून मुद्दाम बनविलेल्या औषधी पट्ट्या दोन्ही तळहातांवर पूर्ण चिकटविल्या, तरी १०० मायक्रोग्रॅम औषध शरीरात जाण्यास सुमारे १४ मिनिटे लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. कोरडी पूड तर याहून फारच कमी शोषली जाते. अफूवर्गीय विषबाधेत श्वास मंदावतो, शुद्ध हरपते व डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्पर्शानंतर त्रास झाल्याच्या तक्रारींत मात्र बहुधा धडधड, चक्कर व मुंग्या आढळतात. ही लक्षणे भीतीचीही असू शकतात.

भीतीची किंमत

अतिमात्रेने बेशुद्ध पडलेल्याचा श्वास थांबत असतो. अशा वेळी क्षण न् क्षण मोलाचा असतो. कृत्रिम श्वास आणि नॅलोक्सोन हा उतारा वेळेवर मिळाल्यास रुग्ण वाचतो. स्पर्शाच्या भयाने मदतनीस मागे सरला, तर तो हकनाक प्राणास मुकतो.

सावधगिरी कोणती?

अशी पूड हाताळताना हातमोजे घालावेत, हात तोंडाला वा डोळ्यांना लावू नयेत आणि पूड लागल्यास साबण-पाण्याने धुवावी. घरी कर्करोगाचा रुग्ण असल्यास वापरलेली पट्टी मुलांच्या हाती पडू देऊ नये, कारण तीत औषध शिल्लक असते. ती मुलाने तोंडात घातल्यास किंवा अंगाला चिकटवल्यास जिवावर बेतू शकते. धोका नेमका कोठे आहे हे जाणणे, हीच खरी दक्षता होय.