जांभ्या दगडाचे एक ग्रामचर्च

बीदरच्या पठारावर वाढलेल्या विद्यार्थ्यास जांभा दगड निराळा दाखवावा लागत नाही. विहीर खणावी तर तोच लागतो. किल्ल्याचा खंदक त्यातच खोदलेला, आणि नौबादची भुयारी जलवाहिनी बहामनी काळी ह्याच तांबड्या थरातून नेलेली. गोमंतकातील एका खेड्याचे चर्चही ह्याच दगडाचे आहे. तेथे पाऊस आमच्या तिपटीहून अधिक पडतो. अशा पावसात ती वास्तू तीन शतके कशी उभी राहिली, हे पाहण्याजोगे आहे.

तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्यापासून जवळ, तळावली हे गाव आहे. तेथील चर्च मरियेची माता संत आना हिच्या नावाचे. फ्रान्सिस्को दु रेगो ह्या धर्मगुरूंनी १६८१ मध्ये त्याचे बांधकाम आरंभिले व आंतोनियु फ्रान्सिस्को द कुन्या यांनी १६९५ मध्ये ते तडीस नेले.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज तासता येतात. उन्हावाऱ्यात तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ते घेतले आहे, आणि ते आम्हांस फार समर्पक वाटते. परंतु ह्या दगडाच्या अंगी छिद्रे असतात. तो पाणी पितो, आणि त्यावर नाजूक नक्षी कोरता येत नाही. म्हणून गवंड्याने चुन्याचा आश्रय केला. समुद्रातील शिंपले भाजून गोव्यात चुना करीत; त्याचा गिलावा भिंतीला लावला की तोच पावसापासून कवच होतो आणि तोच अलंकारही होतो. तळावलीच्या दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंस पाच मजली चौकोनी मनोरे आहेत. सजावटीत शिंपल्याच्या आकाराची नक्षी पुनःपुन्हा दिसते. शिंपल्याच्याच चुन्यात शिंपला घडावा, ही गंमत कारागिरांच्या मनात होती की नाही, कोण जाणे!

आतील आराखडा क्रूसाच्या आकाराचा असून वर अर्धगोल कमानीचे छत आहे. भिंती काही ठिकाणी पोकळ असून त्यांतून माणसाला चालता येते. पापनिवेदनासाठी ह्या वाटेचा उपयोग होत असे.

मात्र गिलावा हे कायमचे कवच नव्हे. तो फुगतो, सुटतो, त्यावर शेवाळ चढते. वरचेवर डागडुजी करणारा कोणी असावाच लागतो. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनचा भव्य मठ जांभ्याचाच होता. १८३५ मध्ये तो ओस पडला; अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज एक तांबडा सुळका तेवढा उभा आहे.

तळावलीवरही संकट आले होते. सन २००० साठी तयार झालेल्या जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत ह्या खेड्यातील चर्चचे नाव होते. त्यानंतर दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली. येथे मात्र वस्ती होती, प्रार्थना चालू होती. जुलैअखेर, ऐन पावसात, येथे 'तवशांचे फेस्त' भरते. अपत्यासाठी नवस बोलणारी जोडपी काकडी घेऊन संत आनेच्या दारी येतात, आणि ओल्या पांढऱ्या भिंतींजवळ माणसांची दाटी होते.