३.४ पारिभाषिक शब्द आणि अर्थनिर्णय : मायकेल हॉवर्ड यांचे उदाहरण

पारिभाषिक शब्दाची निवड अर्थावर कसा परिणाम करते, हे आता एका अभ्यासकाच्या कार्याच्या आधारे पाहू.

विषय-विवेचन

ब्रिटिश इतिहासकार मायकेल हॉवर्ड (१९२२–२०१९) दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. पुढे त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धविषयक अध्ययनाचा विभाग उभारला. युद्धाचा अभ्यास लढायांपुरता न ठेवता तो समाज व राज्यव्यवहार यांच्याशी जोडावा, हा त्यांचा आग्रह होता. 'महारणनीती' या संज्ञेचा आशयही असाच व्यापक आहे. डावपेच लढाईपुरते असतात, रणनीती युद्धापुरती असते. महारणनीती मात्र राष्ट्राची लष्करी, आर्थिक व राजनैतिक साधने एकाच उद्दिष्टासाठी योजते.

१९७६ मध्ये हॉवर्ड व पीटर पॅरेट यांनी केलेले क्लाउझेविट्झच्या 'ऑन वॉर' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मूळ जर्मनमधील 'पोलिटीक' या शब्दात 'धोरण' आणि 'राजकारण' हे दोन्ही अर्थ सामावतात. भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी 'धोरण' हा अर्थ स्वीकारला. त्यावर पुढे अभ्यासकांत वाद झाला.

मराठीतही हाच पेच उभा राहतो. युद्धाला 'धोरणाचे साधन' म्हटले, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. 'राजकारणाचे साधन' म्हटले, तर त्यामागील सत्तास्पर्धाही दिसू लागते. म्हणजेच युद्धाला उत्तरदायी कोण, याविषयीची आपली समजूतही शब्दाबरोबर बदलते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. डावपेच, रणनीती व महारणनीती यांतील फरक सांगा.
२. 'पोलिटीक'साठी आपण कोणता मराठी शब्द निवडाल? सकारण लिहा.