पोटातलं पाणी आधी तपासा

लिव्हर सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचं पोट फुगलं की घरचे म्हणतात, "पाणी काढू नका, एकदा काढलं की परत परत काढावं लागतं." अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकत आलो आहे की त्याचा नीट समाचार घेणं भाग आहे. माझं म्हणणं असं : सिऱ्हॉसिसमुळे जलोदर झालेला माणूस कोणत्याही कारणानं अॅडमिट झाला, किंवा घरी असताना त्याची तब्येत अचानक बदलली, तर पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून त्याच दिवशी तपासायला हवं. फुगलेल्या पोटाला आराम पडावा म्हणून पाच-सहा लिटर पाणी काढणं वेगळं. तपासणीला एक-दोन मोठ्या सिरिंजभर पाणी पुरतं. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तेवढ्यात दिवस हातचा जातो. पाणी परत भरतं ते लिव्हर कडक होऊन पोर्टल शिरेतला दाब वाढल्यामुळे आणि शरीर मीठ धरून ठेवतं म्हणून. सुईचा त्यात काही दोष नाही.

घाई का, तर हे पाणी नासू शकतं. त्यात प्रथिनं कमी, म्हणून जंतूंशी लढण्याची ताकदही कमी. सिऱ्हॉसिसमध्ये आतड्याचा अडसर ढिला पडतो आणि ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे एरवी आतड्यात नांदणारे जंतू बाहेर पडून या पाण्यात वाढतात. आतड्याला भोक पडलेलं नसतं, अपेंडिक्स फुटलेलं नसतं, तरी संसर्ग होतो. अमेरिकन डॉक्टर हॅरोल्ड कॉन यांनी 1964 मध्ये या आजाराकडे लक्ष वेधलं. यावर पहिला आक्षेप ठरलेला : ताप नाही, पोट दुखत नाही, मग संसर्ग कसला? पण या रुग्णांत ताप येईलच असं नाही. कधी नुसती गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपून रात्री जागतो, लघवी कमी होते, कावीळ वाढते. कधी यातलं काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत पाणी किती ते कळतं, नासलंय का ते कळत नाही. त्यासाठी पाण्यातल्या न्यूट्रोफिल पेशी मोजाव्या लागतात. एका घन मिलिमीटरमध्ये 250 किंवा अधिक सापडल्या की कल्चरची (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची) वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करायचं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो : प्लेटलेट कमी, रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारा आयएनआर वाढलेला, अशात सुई टोचायची? सिऱ्हॉसिसमध्ये हे आकडे बिघडलेले असणारच. ते ठीक होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर बहुतेकांची तपासणी कधीच होणार नाही. या तपासणीत पोटात गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण हजारात एकाहून कमी आहे. जागोजागी रक्तस्राव सुरू असलेला रुग्ण याला अपवाद, बाकीच्यांना आधी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते. उलट, उशिराची किंमत मोजलेली आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हा संसर्ग असलेल्यांपैकी ज्यांचं पाणी पहिल्या बारा तासांत तपासलं गेलं त्यांच्यातले 13 टक्के रुग्णालयात दगावले, ज्यांना उशीर झाला त्यांच्यातले 27 टक्के. उशीर झालेले रुग्ण मुळातच जास्त आजारी असतील, अशी शंका कुणी घेईल. संशोधकांनी आजाराची तीव्रता हिशोबात धरूनही फरक उरला.

उपनगरात आणखी एक अडचण येते, ती म्हणजे 'मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर बघू'. परळच्या केईएमला न्यायचं की अंधेरीच्या एखाद्या बड्या खासगी रुग्णालयात, हे ठरेपर्यंत रात्र होते. पुढे ट्रॅफिक, मग बेड. लिव्हरतज्ज्ञ जरूर गाठावा, पण सुईनं पाणी काढायला तो लागत नाही. कूपर, राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी यांसारख्या पालिका रुग्णालयातले किंवा साध्या नर्सिंग होममधले फिजिशियनही ते काढू शकतात. पेशी मोजायला सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट पुरतो. अँटिबायोटिक आधीच सुरू केलंय, आता तपासून काय करायचं, हेही ऐकू येतं. पण आपल्याकडे पोटाचा टीबीसुद्धा पाणी भरवतो, त्यात लिम्फोसाइट पेशी वाढतात आणि एडीए या एन्झाइमची तपासणी उपयोगी पडते. शिवाय औषधांना न जुमानणारे जंतू मुंबईत नवे नाहीत. म्हणून कल्चरचं पाणी पहिल्या डोसाआधी, रुग्णाच्या खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलेलं बरं, जंतू सापडण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते.

मग अल्ब्युमिनचा, म्हणजे शिरेतून चढवायच्या रक्तातल्या प्रथिनाचा, खर्च. इथे नातेवाइकांना बिल फुगवल्याचा संशय येतो आणि तो दर वेळी चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसलं म्हणून रोज बाटल्या चढवण्यानं फायदा होत नाही, हे 2021 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं. नासलेल्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी. 1999 च्या स्पॅनिश अभ्यासात अँटिबायोटिकच्या जोडीला अल्ब्युमिन दिल्यावर किडनी बिघडण्याचं प्रमाण 33 वरून 10 टक्क्यांवर आणि रुग्णालयातले मृत्यू 29 वरून 10 टक्क्यांवर आले. त्यातली मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 20 ग्रॅमच्या साधारण साडेसात बाटल्या झाल्या. तेव्हा 'अल्ब्युमिन कशासाठी, पेशी किती आल्या?' हे विचारावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

बाकी पथ्य थोडक्यात. लोणचं-पापड-फरसाण बंद, डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक, आणि अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं सवयीनं चालू असेल तर ती खरंच हवी का हे डॉक्टरांना विचारा, कारण तिच्यामुळे या संसर्गाचा धोका वाढत असल्याचे पुरावे आहेत. एकदा संसर्ग होऊन गेला की प्रतिबंधक औषधाशिवाय वर्षभरात सुमारे 70 टक्के रुग्णांत तो उलटतो. म्हणून डिस्चार्ज घेताना प्रतिबंधक औषध कोणतं, किती दिवस, आणि प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायची वेळ आली आहे का, हे विचारून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'जलोदर' नको. न्यूट्रोफिलचा आकडा, कल्चरमधला जंतू आणि कोणतं औषध लागू पडलं, एवढं लिहून मागा. पुढच्या वेळी अर्ध्या रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलचा डॉक्टर समोर असेल, तेव्हा पहिलं अँटिबायोटिक तो त्यावरून निवडेल.